आठवडाभराचा तांडेल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुरूडच्या किनाऱ्यावरून नकाशात बोट ठेवून अक्षांशाची रेघ सरळ पश्चिमेकडे ओढत न्यायची. अरबी समुद्र, अरबस्तान, तांबडा समुद्र, मग सहाराचे वाळवंट आणि त्यापुढे अख्खा अटलांटिक. एवढे सगळे ओलांडून ही रेघ टेकते ती ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स नावाच्या छोट्या बेटांच्या घोळक्यावर. लहानमोठी धरून साठेक बेटे. टॉर्टोला सर्वांत मोठे, त्यावरचे रोड टाउन ही राजधानी. राज्य ब्रिटनच्या छत्राखालचे आणि चलन मात्र अमेरिकी डॉलर. कोलंबस १४९३ मध्ये इथून गेला आणि संत उर्सुला व तिच्या अकरा हजार कुमारिकांच्या कथेवरून त्याने या बेटांना नाव दिले. म्हणजे सूर्य मुरूडचाच, उष्मा साधारण तोच, नारळही तेच. समुद्र मात्र अगदी निराळा.

आपल्याला हा मुलूख माहीत आहे तो क्रिकेटमुळे. लीवर्ड आयलंड्स आणि विंडवर्ड आयलंड्स हे तिथले संघ रेडिओवर ऐकता ऐकता आपले कान तयार झाले. पण ही मुळात शिडाच्या जहाजांवरची नावे आहेत. वारा ज्या बाजूने येतो ती विंडवर्ड आणि वाऱ्याच्या आडोशाची ती लीवर्ड. बेटांना वाऱ्यावरून नावे पडावीत इतका तिथला वारा नियमित आहे. या वाऱ्यावर गेली पन्नासहून अधिक वर्षे एक वेगळ्या प्रकारचे पर्यटन चालते, ते म्हणजे शिडाची नौका आठवडाभर भाड्याने घेऊन स्वतः हाकण्याचे. १९६९ मध्ये चार्ली आणि जिनी कॅरी या अमेरिकन दांपत्याने टॉर्टोलावर 'मूरिंग्ज' हा व्यवसाय सुरू केला आणि तिथून ही कल्पना जगभर पसरली. आज अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे दोन-तीन घरे मिळून अशी नौका घेतात आणि पुण्या-मुंबईहून आईवडिलांना, भावाबहिणींना सोबत बोलावतात. म्हणून ही तयारी नेमकी कशाची करायची, ते सांगावेसे वाटले.

नौका दोन प्रकारे मिळते. एकीत तांडेल आणि बहुधा स्वयंपाकीही असतो. तुम्ही पाहुणे असता, बसायचे, खायचे, पोहायचे. दुसरीला 'बेअरबोट' म्हणतात, म्हणजे नुसती नौका. तिच्यात शीड आहे, इंजिन आहे, भांडीकुंडी आहेत, माणूस नाही. गोदीतला दोर सुटला की तांडेल तुम्हीच. मोटार भाड्याने घेतली आणि ती बिघडली तर कडेला लावून उभे राहता येते. समुद्रात कडा नसते. बेअरबोटीची सगळी तयारी या एका फरकातून निघते, आणि ती विमानाची तिकिटे काढण्याच्या बरीच आधी, निदान सहा महिने, सुरू करावी लागते.

नवशिक्यांना हीच बेटे का सुचवतात, हे आधी पाहू. मधोमध सर फ्रान्सिस ड्रेक यांच्या नावाची रुंद सामुद्रधुनी आहे आणि दोन्ही बाजूंना बेटांची रांग. त्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात. एका बेटावरून पुढचे बेट डोळ्यांना दिसते, होकायंत्र न पाहताही जाता येईल इतके. बहुतेक मुक्काम एकमेकांपासून एक-दोन तासांवर. वारा पूर्वेकडून, बहुधा १५ ते २० नॉट. भरती-ओहोटीचा तर प्रश्नच नाही म्हणा ना. मुंबईत उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. तिथे जेमतेम हातभर. कोकणच्या खाड्यांत वाढलेल्या माणसाला हे खोटे वाटेल. पण सोपेपणाची ही ख्यातीच माणसाला गाफील करते. 'तिकडे काय, तळ्यासारखे पाणी आहे,' असे ऐकून गेलेली मंडळी २० नॉट वाऱ्यात पहिल्यांदा शीड उभारतात, तेव्हा त्यांना कळते की तळ्यात असा वारा नसतो.

जायचे कधी, हा पहिला निर्णय. आपल्याकडे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच होड्या दर्यात लोटतात. तिथेही तसा बंद हंगाम आहे: १ जून ते ३० नोव्हेंबर, चक्रीवादळांचा. त्यातही ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर सर्वांत धोक्याचे. या काळात नौकांचे भाडे निम्म्यावर आलेले दिसते आणि मोह होतो. मोह आवरावा. ६ सप्टेंबर २०१७ रोजी 'इर्मा' हे पाचव्या श्रेणीचे वादळ थेट या बेटांवरून गेले. वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटरहून अधिक होता. भाड्याच्या शेकडो नौका एकमेकींवर रचल्या गेल्या, खारफुटीत घुसल्या, बुडाल्या. सगळे पुन्हा उभे करायला वर्षे लागली.

त्याहून जुनी गोष्ट 'ऱ्होन' या टपालवाहू आगबोटीची. २९ ऑक्टोबर १८६७ रोजी ती पीटर बेटाच्या आडोशाला नांगरून होती. ऑक्टोबर संपत आला, आता मोठे वादळ कसले येते, असा अंदाज कप्तानाने बांधल्याचे सांगितले जाते. वादळ आले. मधल्या शांततेत बोट खोल समुद्राकडे निघाली, पण नांगराची साखळी अडकली आणि नांगर सोडून द्यावा लागला. तेवढ्यात उलट दिशेचा वारा सुटला आणि सॉल्ट बेटाच्या खडकावर बोट आपटून तिचे दोन तुकडे झाले. शंभराहून अधिक माणसे गेली. आज तिचे अवशेष पाहायला पर्यटक नळी लावून पाण्यात उतरतात. उतरताना तारीख आठवावी.

डिसेंबर ते एप्रिल हा खरा हंगाम. त्यातही नाताळ ते जानेवारी वारा जोरकस असतो, २५-३० नॉटांपर्यंत जातो, आणि तिथले लोक त्याला 'ख्रिसमस विंड्स' असेच म्हणतात. याच महिन्यांत उत्तर अटलांटिकमधल्या दूरच्या वादळांच्या लाटा बेटांच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन फुटतात. केन गार्डन बे एरवी पाळण्यासारखी शांत असते, पण अशा रात्री तिथे कोणाला झोप लागत नाही. घरातली वडीलधारी मंडळी आणि लहान मुले सोबत असतील तर माझे मत मार्च अखेर ते मेच्या मध्यापर्यंत जावे. वारा सौम्य, गर्दी कमी, पाणी उबदार.

आता माणसांचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. नौका देणारी कंपनी तुमच्याकडे नौकानयनाचा पूर्वानुभव लेखी मागते: कोणत्या लांबीची नौका, कुठे, किती दिवस, तांडेल म्हणून की खलाशी म्हणून. तिथे सरकारी परवान्याची सक्ती नाही, कंपनीचे समाधान झाले की झाले. म्हणूनच या कागदावर माणसे सढळ हाताने लिहितात. मित्राच्या नौकेवर एक रविवार बसून घालवला, तर त्याचे 'दोन हंगामांचा अनुभव' होते. लग्नाच्या स्थळाच्या माहितीत जशी उंची वाढते तसा हा प्रकार. पण इथे फसवणूक होते ती स्वतःचीच. ४५ फुटी नौकेचे वजन दहा-बारा टनांच्या घरात जाते. ती वाऱ्यात गोदीला लावताना हाताने ढकलून थांबत नाही.

प्रामाणिक मार्ग दोन. अमेरिकन सेलिंग असोसिएशन किंवा ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन यांचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम असतात. त्यांतला बेअरबोटीपर्यंतचा टप्पा पुरा करायचा. नाहीतर नौका भाड्याने घ्यायची आणि पहिले दोन-तीन दिवस तिथला तांडेल रोजंदारीवर सोबत ठेवायचा. त्याला रोजाचे पैसे द्यावे लागतात, त्याची झोपायची जागा आणि जेवण आपण बघायचे. यात कमीपणा काही नाही. उलट या दोन दिवसांत माणूस जे शिकतो ते पुस्तकात महिनाभर शोधून सापडत नाही.

पण एका गोष्टीकडे जवळजवळ सगळेच गट दुर्लक्ष करतात. आठ जणांत नौका चालवता येणारा एकच असतो, बाकीचे सात जण त्याच्या भरवशावर निर्धास्त. आता समजा, तोच पाण्यात पडला. शिडात वारा भरलेला, नौका सहा नॉटांनी, म्हणजे सेकंदाला तीन मीटरने, पुढे चाललेली. अर्ध्या मिनिटात तो नव्वद मीटर मागे. मीटरभर लाटेत माणसाचे डोके एवढ्या अंतरावरून क्षणात दिसेनासे होते. नौकेवर उरलेल्यांपैकी कोणालाच इंजिन सुरू करता येत नाही, शीड उतरवता येत नाही, रेडिओ कसा लावायचा ते ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक नौकेवर दुसरा तांडेल हवा, आणि तो निघण्याआधी घरी ठरलेला हवा. पत्नी असेल, मेहुणा असेल, कॉलेजात जाणारी मुलगी असेल. त्याला किंवा तिला पाच गोष्टी स्वतःच्या हाताने करता आल्या पाहिजेत. इंजिन चालू-बंद करणे, नौका वाऱ्याच्या तोंडावर वळवून शीड गुंडाळणे, नांगर टाकणे, बोया पकडणे, आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर नौकेचे नाव व ठिकाण सांगून मदत मागणे. तिथे स्वयंसेवकांचे शोध आणि बचाव पथक आहे, पण त्यांना बोलवायला कोणीतरी बोलले पाहिजे.

पहिल्याच दिवशी, शांत पाण्यात, एक तक्क्या किंवा वायुरोधक पिशवी पाण्यात टाकून ती परत मिळवण्याचा सराव करावा. एकाने दुसरे काहीही न करता फक्त पडलेल्या वस्तूकडे बोट रोखून उभे राहायचे, नजर हलवायची नाही. तरंगते कडे ताबडतोब फेकायचे. नौका वळवून वाऱ्याच्या तोंडावर आणत वस्तूपाशी थांबवायची आणि माणूस वर घेण्याआधी इंजिनाचा पंखा थांबवायचा. पहिल्या खेपेला बहुधा जमत नाही. तिसऱ्या खेपेला जमते. हा अर्धा तास वाया गेला असे कुरकुरणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्यालाच बोट रोखून उभे करावे.

यातच आले पोहणे. आपल्याकडे उत्तम शिकलेली, जग फिरलेली, पण पोहता न येणारी माणसे पुष्कळ. त्यांनी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पण सहा महिने हाताशी असताना तरण तलावात नाव घालायला काय हरकत आहे? तोंडात नळी धरून तरंगण्याचा सरावही तलावातच करावा. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज आणि जोडीदाराखेरीज पाण्यात उतरू नये. लहान मुलांच्या अंगावरची जीवरक्षक जाकिटे त्यांच्या वजनाप्रमाणे हवीत. कंपनीला आधी वजने कळवावीत. तिथे गेल्यावर सगळी जाकिटे मोठ्यांच्याच मापाची निघतात.

नौका कोणती घ्यावी यावर दर्यावर्दी लोक तासन्‌तास भांडू शकतात. एकल सांगाड्याची नौका स्वस्त, वाऱ्याला चढायला चांगली, पण वाऱ्यात एका बाजूला कलते आणि कलूनच चालते. जुळ्या सांगाड्याची कॅटामरान रुंद, सपाट चालणारी, मागेपुढे प्रशस्त ओसरी असलेली, भाडे जास्त. कॅटामरान हा शब्द मूळ तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेले ओंडके. आजी-आजोबा सोबत असतील तर कॅटामरान घ्यावी, वाद घालू नये. कललेल्या नौकेत सत्तरीच्या माणसाला संडासापर्यंत जाणेही कसरत होते.

प्रवासाचा आराखडा करताना नवखा माणूस नकाशावर अंतरे मोजतो, जाणकार वाऱ्याची दिशा पाहतो. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही, तिला घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी वळणे घ्यावी लागतात. बारा मैलांचे अठरा होतात. वारा पूर्वेचा, म्हणून पूर्वेकडचे व्हर्जिन गोर्डा हे बेट म्हणजे चढ आणि पश्चिमेकडचे योस्ट व्हॅन डाइक म्हणजे उतार. पहिली संध्याकाळ जवळच्या नॉर्मन बेटाच्या मोठ्या खाडीत काढावी, हात बसू द्यावा. मग बेटांच्या आडोशाने पूर्वेकडे चढत जावे आणि आठवड्याचा उत्तरार्ध उताराला ठेवावा. दिवसाला तीन-चार तासांहून जास्त प्रवास ठेवूच नये. नॉर्मन बेटाजवळ पाण्यातून वर आलेल्या चार सुळक्यांना 'द इंडियन्स' म्हणतात. आपला काही संबंध नाही, पण फोटो सगळेच काढतात.

दुपारी तीनच्या सुमारास मुक्कामी पोहोचायचे, हा नियम पाळावा. एक कारण जागेचे: रात्रीसाठी बांधलेले बोये मोजकेच असतात. काही आता मोबाइलवरून आधी राखता येतात, बाकीचे जो आधी येईल त्याचे. दुसरे कारण उजेडाचे, आणि ते जास्त महत्त्वाचे. या समुद्रात खोली डोळ्यांनी वाचायची असते. कोकणात पाणी गढूळ, तळ दिसत नाही, म्हणून आपल्या तांडेलांनी वल्ही आणि वळशांवरून पाणी ओळखण्याची विद्या जोपासली. तिथे पाणी काचेसारखे. गडद निळे म्हणजे खोल. फिकट हिरवट निळे म्हणजे खाली वाळू, नांगर टाकायला उत्तम. तपकिरी किंवा पिवळसर दिसले तर खाली प्रवाळ आहे आणि तो पृष्ठभागाच्या अगदी जवळ असू शकतो. पण हे सगळे दिसते ते सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच, साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन. सूर्य समोर आला की पाण्याचा आरसा होतो आणि तळ नाहीसा होतो. चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा ही तिथे चैनीची वस्तू नाही. सूर्यास्तानंतर नौका हलवायची नाही, असे कंपन्या करारातच लिहून घेतात, ते याच कारणाने.

या विद्येची खरी परीक्षा अनेगाडा बेटावर. बाकीची बेटे डोंगराळ, हे एकटे चुनखडी आणि प्रवाळाचे, ताटासारखे सपाट. सर्वांत उंच जागा नऊ मीटरही नाही. व्हर्जिन गोर्डाच्या उत्तर टोकाकडून निघाले की पंधराएक मैलांवर. बराच वेळ समोर काहीच दिसत नाही आणि मग समुद्रातूनच उगवल्यासारखी झाडे दिसू लागतात. त्याच्या आग्नेयेला हॉर्सशू रीफ ही मैलोन्‌मैल पसरलेली प्रवाळाची भिंत आहे. तिच्यावर आजवर शेकडो जहाजे फुटली. कित्येक कंपन्या विशेष परवानगीशिवाय तिकडे जाऊ देत नाहीत. पहिल्या खेपेला नाहीच गेले तरी चालेल.

प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, ही नुसती नियमाची बाब नाही. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांनी शतकानुशतके रचलेली वस्ती. साखळी वाऱ्याबरोबर फिरली की नांगराभोवतीचे सगळे वर्तुळ खरवडून निघते. म्हणून नांगर वाळूतच. साखळी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावी, मग इंजिन हळू मागे चालवून नांगर रुतवावा आणि एकाने मुखवटा घालून पाण्यात उतरून तो खरोखर रुतला आहे की नाही ते पाहून यावे. अंगाला लावायच्या मलमाचेही तसेच. शेजारच्या अमेरिकी व्हर्जिन बेटांत ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या उन्हाच्या मलमांवर २०२० पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचे मलम आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घेऊन गेलेले बरे.

मुंबईत नौकानयन शिकलेल्यांसाठी एक सूचना वेगळी सांगतो, कारण ती आयुष्यभराच्या सवयीविरुद्ध आहे. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, असे आपण शिकतो. भारत, युरोप, आफ्रिका इथे ही पद्धत. अमेरिका खंडात आणि या बेटांत बरोबर उलटी: आत शिरताना लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. सुकाणूपाशी कागदावर लिहून चिकटवून ठेवावे.

आता घरगुती हिशेब. कॅटामरानच्या टाक्यांत साधारण ७०० लिटर गोडे पाणी असते असे धरू. आठ माणसे, सात दिवस. माणशी दिवसाला साडेबारा लिटर, म्हणजे आंघोळ, भांडी, तोंड धुणे सगळे मिळून एका बादलीहून कमी. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही, अमेरिकेत वाढलेल्या मुलांना लागते. नव्या नौकांवर खारे पाणी गोडे करणारे यंत्र असते, पण ते वीज खाते आणि बिघडतेही. आंघोळ समुद्रात, शेवटी अंगावरून दोन तांबे गोडे पाणी. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात खळबळायची. पिण्याचे पाणी बाटल्यांतून वेगळे ठेवायचे. वाटेत पैसे देऊन टाकी भरता येते, पण त्यात अर्धा दिवस जातो.

संडासाबद्दल संकोच न करता बोलले पाहिजे, कारण सुट्टीचा विचका करणारी गोष्ट बहुतेक वेळा तीच असते. त्या नळ्या आपल्या मनगटाहून बारीक. जे तुम्ही आधी खाल्लेले नाही ते त्यात टाकायचे नाही, कागदसुद्धा नाही, हा जगभरच्या नौकांवरचा नियम. मैलाटाकी खाडीत, लोक पोहत असताना, कधीही सोडायची नाही.

स्वयंपाक हा आपला आवडता विषय. बेटांवर जवळजवळ सगळा भाजीपाला बाहेरून येतो, म्हणून महाग. शाकाहारी माणसाला हॉटेलांत बटाटे आणि पाव यांवर फार दिवस काढावे लागतात. तेव्हा कोरडा शिधा बरोबर न्यावा: भाजणी, मेतकूट, पोहे, डाळ-तांदूळ, मसाले, चिवडा, लाडू. कच्ची फळे, बी-बियाणे, घरगुती मांसाहार नेऊ नये, विमानतळावर अडवतात. लहान कुकर न्यावाच, गॅसही वाचतो आणि झाकण घट्ट असल्याने सांडतही नाही. चालत्या नौकेत तळण करू नये. खिचडी हे समुद्रावरचे सर्वोत्तम अन्न, असे माझे ठाम मत आहे. आणि दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके नौकेवर चढवायचे नाहीत. माल काढून घ्यायचा, खोके गोदीवर टाकायचे. पुठ्ठ्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि झुरळे एकदा नौकेत शिरली की आठवडाभर सोबत.

मासे पकडण्याची हौस असेल तर बाहेरच्या माणसाला परवाना लागतो. तो असला तरी प्रवाळातले मोठे मासे, विशेषतः बॅराकुडा, खाऊ नयेत. त्यांच्यात सिग्वाटेरा नावाचे विष साठलेले असू शकते. ते चवीला कळत नाही आणि शिजवूनही जात नाही. किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड असते, हिरव्या लहान सफरचंदासारखी फळे येणारे. आपल्याकडे बिब्ब्याचे तेल लागून जसे फोड येतात तसे याच्या चिकाने येतात, आणि फळ खाल्ले तर प्रकरण त्याहून गंभीर. पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी ओघळणारे पाणी अंग भाजते. मुलांना आधीच चित्र दाखवून ठेवावे.

नौका लागण्याचा त्रास कोणाला होईल हे सांगता येत नाही; धट्टीकट्टी माणसे आडवी होतात. आपल्याकडची ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची ती नौका हलण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. गोळीने झोप येते, म्हणून तांडेलाने कोणती घ्यायची ते घरीच तपासून पाहावे. त्रास होऊ लागला तर खाली खोलीत जाऊन पडू नये, वर मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत बसावे. नेहमीची औषधे दुप्पट न्यावीत आणि हातातल्या पिशवीत ठेवावीत. प्रवासविमा घेताना नौकाविहार आणि आजाऱ्याला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, ते वाचून घ्यावे.

किनाऱ्यावर जायला मागे एक लहान मोटारहोडी बांधलेली असते, डिंगी. अपघात मोठ्या नौकेपेक्षा हिच्यावर जास्त होतात, कारण तिला कोणी गंभीरपणे घेत नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी लावायची असते. तो पडला की दोरी सुटून इंजिन बंद होते. ती न लावता पडलेल्या माणसाभोवती होडी गोल फिरत परत येते आणि पंखा त्याच्या अंगावर जातो. दोरी लावल्याशिवाय कोणालाही, जावईबापूंनासुद्धा, डिंगी चालवू देऊ नये. रात्री जाताना विजेरी न्यावी.

भारतातून जाणाऱ्यांना मायामी किंवा पोर्तो रिकोमधील सान हुआनमार्गे जाणे सोपे, पण नुसते विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. समोरच दिसणारे सेंट जॉन बेट अमेरिकेचे. व्हिसा आणि रीतसर नोंद यांशिवाय तिकडे नांगर टाकायचा नाही. घड्याळ साडेनऊ तास मागे जाते. म्हणून पहिली रात्र जमिनीवर झोपून काढावी. झोप न झालेल्या डोळ्यांनी नौका ताब्यात घेऊ नये. सामान कापडी पिशव्यांत भरावे, टणक बॅगा ठेवायला नौकेत जागाच नसते.

ताबा घेताना कंपनीचा माणूस तास-दोन तास सगळे भराभर सांगतो. दोन्ही तांडेलांनी ते ऐकावे आणि मोबाइलवर चित्रित करून घ्यावे. नांगराचे यंत्र स्वतः चालवून पाहावे, त्याचा खटका कुठे आहे ते विचारावे. आग विझवायची नळकांडी, पाणी उपसायचा हातपंप, समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपा, जाकिटे यांच्या जागा सर्वांना दाखवाव्यात. आधीचे ओरखडे फोटोत टिपून ठेवावेत, अनामत रकमेचा वाद त्यावरून होतो. परतीच्या दिवशी बहुधा दुपारच्या आत, डिझेल भरून नौका द्यायची असते. तेव्हा शेवटची रात्र कूपर बेटापाशी काढावी. तिथून रोड टाउन वाऱ्याच्या उताराला आहे, दीड-दोन तासांत पोहोचता येते. तिथल्या खाडीचे नाव मँचिनीलवरूनच पडले आहे. किनाऱ्यावर उतरलात तर झाडे पाहून बसा.